पूर्वसूचना देऊन केलेलं प्रेम

प्रेमाला अंतर नसतं असं सांगणारे लोक सहसा एकाच घरात राहतात. ज्याचं माणूस दुसऱ्या शहरात असतं त्याला पक्कं ठाऊक असतं की प्रेमाला अंतर असतं, अंतराला तिकीट असतं आणि तिकिटाला प्रतीक्षा यादी असते.

हे ठाऊक असलेला एक गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानोदुकानी फिरून तराजू, वजनं आणि मोजपट्ट्या खरं बोलतात की खोटं, हे पाहणं त्याचं काम. बाजारात त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'काटा'. त्याला दोन्ही माहीत होतं. त्यातलं दुसरं त्याला जास्त आवडे. खात्यात नव्याने लागलेल्यांना तो एकच धडा देत असे: "कळवून केलेली तपासणी ही तपासणी नसते, सत्कार असतो." कळवून गेलं की दुकानदार चहा मागवतो, तराजूवरची धूळ पुसलेली असते आणि तराजू त्या दिवसापुरता संत झालेला असतो. काट्याने आजवर कळवून तपासलेल्या एकाही तराजूवर विश्वास ठेवला नव्हता.

हा माणूस दर दोन महिन्यांनी आपल्या प्रेयसीला भेटायला तिच्या शहरी जात असे, आणि जाण्याआधी आठ दिवस तसं कळवत असे.

प्रेयसी एका बांधकाम कंपनीत नमुना फ्लॅट सजवण्याचं काम करत होती. इमारत अजून अर्धीच उभी असते, जिन्याला कठडा नसतो, पण त्यातला एक फ्लॅट असा सजवतात की सुखी माणसं आत्ताच जरा बाहेर गेली आहेत असं वाटावं. कपाटातली पुस्तकं पुठ्ठ्याची असतात. पलंग वीतभर आखूड करवून घेतलेला असतो, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. टेबलावर चार ताटं मांडलेली असतात आणि ती चार माणसं एकमेकांशी कधीही भांडलेली नसतात. असे फ्लॅट पाहून लोक घरं घेतात, आणि राहायला गेल्यावर आपल्याच घरात काहीतरी बिघडलं असावं असं समजून आयुष्य काढतात. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दोघांची ओळख बांधकाम साहित्याच्या प्रदर्शनात झाली होती. ती मोजपट्टीने एका कपाटाची रुंदी घेत होती. काट्याने ती पट्टी हातात घेतली, आपल्या पट्टीशेजारी धरली आणि आयुष्यातलं पहिलं प्रेमाचं वाक्य उच्चारलं: "तुमची टेप मीटरमागे एक सेंटिमीटर खोटं बोलते." ती हसली आणि तिने टेप फेकून देण्याचं वचन दिलं. (याहून नाजूक सुरुवात खात्याच्या इतिहासात नोंदलेली नाही.)

दूरस्थ प्रेमातल्या भेटीची एक रीत असते आणि ती दोघांनी काटेकोर पाळली. पाहुणा स्टेशनवर उतरतो. यजमान व्यक्ती तिथे आधीच उभी असते आणि 'आत्ताच आले' असं सांगते. मग शहर दाखवण्यात येतं. काट्याने त्या शहरातलं तळं इतक्यांदा पाहिलं होतं, की तिथल्या बदकांनी त्याला स्थानिक रहिवासी मानायला हरकत नव्हती. तिने स्वतः ते तळं काट्यामुळेच पाहिलं. एरवी आपल्या शहरातलं तळं पाहायला सवड कोणाला असते?

काट्याच्या अंदाजाप्रमाणे भेटीतला चाळीस टक्के वेळ कुठे जायचं ते ठरवण्यात, तीस टक्के तिथे पोचण्यात आणि वीस टक्के आपण पोचल्याचे फोटो काढण्यात जाई. उरलेला दहा टक्के वेळ प्रेमासाठी राखून ठेवलेला असे. (त्यात तिकिटाची रांग धरलेली आहे.) भेटीत भांडण करायचं नाही, हाही नियम होता. दोन दिवसांच्या मुक्कामात भांडण परवडत नाही. रुसायलाच एक दिवस लागतो आणि समजूत घालायची वेळ येईपर्यंत गाडी सुटते. म्हणून सर्व भांडणं साठवून पुढच्या आठवड्यात फोनवर करण्यात येत.

तिचं घर काट्याला फार आवडे. ती आणि तिची आई, दोघीच राहत. बैठकीत राखाडी सोफा, त्यावर ओळीने उशा, खिडकीशी उंच दिवा, टेबलावर काचेच्या भांड्यात संत्री. पहिल्या भेटीत त्याने एक संत्रं उचललं, तेव्हा तिने ते अलगद त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. "नको, आंबट आहेत." काय ही काळजी, असं काट्याला वाटलं. आई हळू आवाजात बोले, थोडं बोले आणि मधूनमधून हसे.

ती त्याच्याकडे येई तेव्हाही आदरातिथ्यात काही कमी नसे. खाली राहणारी त्याची आत्या स्वतःचे पडदे काढून त्याच्या खोलीला लावी आणि आपल्या कुंड्या त्याच्या खिडकीत ठेवी. कोपऱ्यात व्यायामाचे डंबेल्स असत. न्हाणीघराबाहेर वजनकाटा असे. काटा त्यावर उभा राहून आपण चार किलो उतरल्याचं तिला दाखवी, आणि वजनमापे निरीक्षकाच्या घरातल्या वजनकाट्यावर शंका कोण घेणार?

झाकली मूठ अशी सुखाने झाकलेली असताना दोन गोष्टी एकदम घडल्या. खात्याने बदल्यांचे अर्ज मागवले, आणि त्यात तिचं शहर होतं. त्याच आठवड्यात तिच्या कंपनीने काट्याच्या शहरात इमारत काढली. आता दोघांपैकी एकाने आपलं शहर कायमचं सोडायचं होतं. अर्ज सोमवारी द्यायचा होता. तिलाही कंपनीला सोमवारीच कळवायचं होतं. फोनवर दोघं एकमेकांना आग्रह करत राहिली.

"मी येतो ना तिकडे. तुझं घर किती छान आहे!"

"छे, मीच येते. तुझं कसं सगळं जागच्या जागी असतं."

फोन ठेवल्यावर काटा अस्वस्थ झाला. आयुष्यभराचा सौदा करायचा, आणि हातात काय, तर आठ-दहा सत्कार. दुरून डोंगर साजरे, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. इथे तर डोंगराला आठ दिवस आधी कळवलेलं असे. त्याने शेवटी ठरवलं: न कळवता जायचं. शुक्रवारी त्याने तिला सांगितलं, "उद्या गोदामाची तपासणी आहे, फोन लागणार नाही."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मीही उद्या साइटवरच अडकणारे. फोन बंदच असेल."

बिचारी किती राबते, असं मनात म्हणत काटा गाडीत बसला.

शनिवारी भर दुपारी त्याने बेल वाजवली. दार तिच्या आईने उघडलं. अंगात विटका गाऊन, अर्ध्या केसांना काळा कलप, हातात ब्रश.

"अगं बाई!" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. टीव्हीवर एक बाई दुसऱ्या बाईला शाप देत होती, ती मध्येच गप्प झाली. मग दार पुन्हा उघडलं. आईच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, चेहऱ्यावर भेटीच्या वेळचं हसू होतं, पण ते नीट बसत नव्हतं.

"अहो, कळवायचं तरी!" ती म्हणाली. "ती नाहीये घरी. कामाला जाते म्हणून सकाळीच गेली. बॅग घेऊन."

काटा आत आला आणि बसायला वळला. सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी एक पत्र्याची खुर्ची होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते.

"काकू, सोफा?"

आईने क्षणभर छताकडे पाहिलं. पण कलप वाळत चालला होता, आणि केस अर्धे काळे असताना माणसाला फार वेळ खोटं बोलता येत नाही.

"टेम्पो गुरुवारी येतो ना," ती म्हणाली. "तुम्ही यायचे असलात की. सोफा, दिवा, उशा, सगळं नमुना फ्लॅटमधलं. सोमवारी परत. मी तर त्या सोफ्यावर बसतसुद्धा नाही हो, डाग पडला तर तिच्या पगारातून कापून घेतील."

"आणि संत्री?"

"ती प्लॅस्टिकची. तुम्ही एक उचललंत तेव्हा माझा जीव नुसता वरखाली झाला होता."

पितळ उघडं पडलं, आणि मग आईचा आवाजही मोकळा झाला. तो हळू नव्हता, थोडा तर मुळीच नव्हता. तिने काट्याला इस्त्रीचे कपडे घडी करायला लावले, टवका उडालेल्या कपातून चहा दिला आणि तो बशीत सांडला म्हणून बोलणी घातली. "खात्यात असंच मोजता काय?" त्या दुपारी काट्याला एकदाही तळ्यावर जावं लागलं नाही. त्याने चपला कुठेही काढल्या, पाय पत्र्याच्या खुर्चीवर घेतले आणि शापवाल्या मालिकेचे दोन भाग पाहिले. एवढ्या भेटींत आपल्या पाठीचा कणा कधी टेकलाच नव्हता, हे त्याच्या आज लक्षात आलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने असं रमणं नियमात बसत नाही, म्हणून त्याने तिची खोली पाहायला मागितली.

पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर होता आणि डोंगरात झोपण्यापुरती एक गुहा. उशीखाली बिस्किटांचा चुरा. टेबलावर एक मोजपट्टी होती. काट्याने ती उलगडली आणि खिशातली आपली पट्टी शेजारी धरली. मीटरमागे एक सेंटिमीटर.

"ही तर टाकून देणार होती ती!"

"टाकते कशाला? हिच्यावर तिला दोनदा बढती मिळाली," आई म्हणाली. "या टेपने खोल्या मोठ्या भरतात."

काटा खुर्चीत बसला. कायद्याने ती पट्टी तिथल्या तिथे जप्त करायला हवी होती. तेवढ्यात फोन वाजला. आत्या होती.

"अरे, कुठे उलथलायस? तुझ्या खोलीत तुझी ती पाहुणी येऊन बसलीय. किल्ली मीच दिली, रडवेली दिसली म्हणून. आता हसत सुटलीय, थांबायलाच तयार नाही. घे, बोल तिच्याशी."

पलीकडे तिने फोन घेतला, तोच तिला काट्यामागून आपल्या आईचा आवाज ऐकू आला.

"तू माझ्या घरी काय करतोयस?"

"तू माझ्या घरी काय करतेयस?"

"डंबेल्स कुठायत?" तिने विचारलं.

"सोफा कुठाय?" त्याने विचारलं.

"आत्या म्हणतात, डंबेल्स खालच्या व्यायामशाळेतले आहेत. तू ते दोघांच्या मदतीने वर आणतोस."

"काकू म्हणतात टेम्पो गुरुवारी येतो."

"मी तुझ्या वजनकाट्यावर उभी राहिले," ती म्हणाली. "पाच मिनिटांत चार किलो उतरले. काट्या, तू सगळ्या बाजाराला दंड करतोस ना रे?"

काट्याने हातातल्या मोजपट्टीकडे पाहिलं. त्याच्याकडे वाक्य तयार होतं. ते बोललं असतं तर तपासणी रीतसर पूर्ण झाली असती, दोन्ही उपकरणं जप्त झाली असती आणि सोमवारी कोणालाच अर्ज द्यावा लागला नसता. पलीकडे ती हसायची थांबली होती.

"बोल ना," ती म्हणाली. "मी काय करू? परत जाऊ?"

"जेवलीस का?" काट्याने विचारलं.

"आत्यांनी कालचा भात दिलाय. पातेल्यातूनच खातेय."

"तिच्याकडे पातेल्यातूनच चांगला लागतो," काटा म्हणाला. "सोमवारी मी अर्ज देतो. सोफा मागवू नकोस."

अशा रीतीने खात्याच्या इतिहासातला हा पहिला निरीक्षक ठरला, ज्याने खोटं माप सापडल्यावर त्या मापाशी लग्न केलं.

आता दोघं तिच्या शहरात, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. टेप आणि वजनकाटा एकाच कपाटात आहेत. (एकमेकांना साक्षीला ठेवल्यासारखे.) तळं त्यांनी त्यानंतर पाहिलेलं नाही. संसार सुरू करताना एकच नियम केला होता: यापुढे काहीही कळवून करायचं नाही. जे असेल ते दिसू द्यायचं.

नियम आठवडाभर टिकला. एका संध्याकाळी ती लवकर आली, तेव्हा काटा तिची शाल पांघरून, आरशासमोर पोट आत ओढून स्वतःलाच 'साहेब' म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तो लवकर आला, तेव्हा ती आईला फोनवर सांगत होती, "घोरतो ग, गोदामाचं शटर ओढल्यासारखा." दोघंही समंजस असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून निघताना काट्याने तिला पहिल्यांदा मेसेज केला: 'निघालोय.' तिचं उत्तर लगेच आलं: 'सावकाश ये.' तेव्हापासून हा परिपाठ रोज चालू आहे, आणि एकमेकांची किती काळजी घेतात म्हणून शेजारी त्यांचं उदाहरण देतात.

तुम्हीही घरी जायला निघालात की रोज कळवता. फार चांगली सवय आहे. तिकडून येणाऱ्या 'सावकाश ये' मध्ये माया किती आणि मुदतवाढ किती, हे मोजणारं माप वजनमापे खात्याकडे अजून आलेलं नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे. आज एक दिवस न कळवता घरी जाऊन पाहायचं. जाणार नाही म्हणता? काटाही जात नाही.