सरस्वती उठेपर्यंत

"मी येईन त्या दिवशी पुस्तक मागितलं, की घोटभर पाणी प्यायच्या आत ते हातात पडलं पाहिजे, बन्सीधर. नाहीतर विषय बदलू."

प्रोफेसर व्यंकटरावांचं हे वाक्य पावसाळाभर बन्सीधरच्या कानात घुमत होतं. हैदराबादच्या कॉलेजात ते त्याच्या प्रबंधाचे मार्गदर्शक. माणूस विद्वान, मनानं निर्मळ. पण त्यांना ज्या साली ज्याची गोडी लागे, त्या साली हाताखालच्या सगळ्यांना त्याचीच लावून घ्यावी लागे. मागे त्यांना बारवांचं वेड लागलं, तेव्हा फारसी काव्याचा अभ्यास करायला आलेला एक बिचारा वर्षभर बारवांच्या पायऱ्या मोजत हिंडला. बारव दिसली की अजूनही त्यांना राहवत नसे. यंदा मात्र देवाच्या दयेनं गोडी वाचनालयांची होती आणि बन्सीधरचा विषयही तोच होता. अर्जावर गुरूंची सही तेवढी राहिली होती. ती झाली, की मग त्यांना बारव आवडो की बाभूळ, विषय कुठे पळत नव्हता.

झरीचं वाचनालय मारुतीच्या देवळाच्या ओवरीत. बन्सीधरनं तिथली सगळी पुस्तकं विषयवार लावली आणि प्रत्येकावर खळीनं आकड्याची चिठ्ठी डकवली. पोरगा पुस्तकांचा डॉक्टर होणार, एवढंच गावाला कळलं होतं. पारूबाई तर आपली फाटकी पोथी त्याला दाखवायला घेऊन आली. तो संध्याकाळी ओवरीत बसून बायाबापड्यांना समजावून सांगे, वाचनालयात लहानमोठं कुणी नसतं, पोथीला जो मान तोच कापसावरच्या किडीच्या पुस्तकाला. त्याची आत्या कस्तुराबाई हे हात जोडून ऐके. ती सगळंच हात जोडून ऐकायची. नवरात्रात तिचा कडक नेम असे: पायात वहाण नाही, पोटात अन्न नाही, तोंडात खोटं नाही.

घोटाळा झाला तो तारखेचा. व्यंकटरावांनी येण्याचा दिवस कळवला निजामाच्या सरकारी महिन्यानं, आबानच्या अखेरचा. बन्सीधरनं तो सरकारी कॅलेंडरात पाहिला. आत्याच्या पंचांगात त्याच्या आदल्याच दिवशी मूळ नक्षत्र होतं, म्हणजे सरस्वती बसायचा दिवस. कॅलेंडर आणि पंचांग एकाच भिंतीला टांगलेलं होतं. पण एकाचं तोंड दुसऱ्यानं कधी पाहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी बन्सीधर दमणी जुंपून परभणीला गेला. पहाटेच्या गाडीनं आलेल्या गुरूंना घेऊन तो दुसऱ्या दिवशी दुपारी झरीत शिरला. देवळामागे गावची जुनी बारव होती, म्हणून मुद्दाम लांबच्या वाटेनं वळसा घालून आला. ओवरीत पाऊल टाकलं आणि त्याचे पाय तिथंच राहिले.

फळ्या रिकाम्या होत्या. मधोमध पाटावर सगळ्या पुस्तकांचा ढीग रचला होता, जाड खाली, बारीक वर, शिखरावर अंकलिपी आणि तिच्यावर झेंडू. प्रत्येक पुस्तकाला हळदकुंकू लागलेलं. चिठ्ठी एकावरही नव्हती.

"आत्या, हे काय केलंस?"

"सरस्वती बसविली, बाबा," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "दरसाल चार पोथ्या ठिवतो आमी. पण तूच म्हनला ना, समद्यांला सारखा मान. मग किडीच्या पुस्तकानं काय पाप केलं?"

"आन् चिठ्ठ्या?"

"पूजेच्या आदी पुसून घ्यावं लागतं की. लय घट चिकटल्या व्हत्या. शेजारच्या दैवशालाची नखं गेली."

व्यंकटरावांनी शेतीवरचं एक पुस्तक मागितलं. कस्तुराबाईनं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की आता श्रवण नक्षत्रावर माय उठेपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही, वाचायचं नाही. बन्सीधरनं डोळे मिटून घेतले. प्रोफेसर ढिगाकडे बघत राहिले. घोट घोट करत तांब्या संपला.

"म्हणजे अख्खं गाव मिळून वाचन बंद ठेवतं?" त्यांचे डोळे लुकलुकले. "बन्सीधर, पुस्तकं कशी वाचतात यावर कुणीही लिहील. पुस्तकं कशी न वाचावीत, यावर कुणी लिहिलंय? हाच तुझा विषय. आण तो अर्ज."

बन्सीधरला आनंदानं उडी मारावीशी वाटली. प्रोफेसरांनी खिशातून पेन काढलं.

"लिहायचं बी नसतं, गुरुजी," कस्तुराबाई म्हणाली.

"बहोत खूब," म्हणत प्रोफेसरांनी खुशीनं पेन तिच्या हातात दिलं. तिनं त्याला कुंकू लावून ते अंकलिपीशेजारी ठेवलं. सुट्टी होती, तेव्हा ते विसर्जन बघून, सही करूनच जाणार होते.

बन्सीधरनं आत्याला कोपऱ्यात गाठलं. तीन दिवस एकाच गोष्टीची गोडी टिकल्याचं प्रोफेसरांच्या आयुष्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आत्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माय उठस्तोवर तुझ्या गुरुजीचं ध्यान पुस्तकातून हलू देत न्हाई. शब्द देते."

जेवण झालं. ओसरीवर बसल्या बसल्या प्रोफेसरांनी बैलांच्या घुंगुरमाळांची चौकशी केली. पाठोपाठ गल्लीतले बैल शेताकडे हाकलले गेले. मग शेजारून जात्यावरची ओवी ऐकू आली आणि ते पुढे सरकून बसले. कस्तुराबाई आत जाऊन आली. ओवी मध्येच तुटली, आणि गल्लीत त्या दिवशी कुणी दळलं नाही. समोरच्या आश्रुबानं पगडी कशी बांधली हे ते न्याहाळू लागले, तेव्हा आश्रुबा बोडक्यानं घरी गेला.

ऊन उतरलं. देवळाच्या बाजूनं घागर बुडाल्याचा आवाज आला.

"पाणी खोल दिसतंय," प्रोफेसर कान टवकारून म्हणाले. "आत्याबाई, मारुतीच्या मागे बारव आहे का हो?"

बन्सीधरनं आत्याकडे पाहिलं. खोटं बोलायचे दिवस नव्हते.

"गुरुजी," कस्तुराबाई पदर सावरत म्हणाली, "आत्तापासून श्रवणापोत्तर मी मौन धरलं."

"वा. मग सकाळी देवळाला प्रदक्षिणा घालताना मीच पाहीन."

ती हसली. आत गेली. मागल्या दारानं पारूबाईकडे, मग दैवशालाकडे, मग गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक खूण करून आली. थोड्या वेळानं, खांद्यावर ओल्या लुगड्यांचा डोंगर घेऊन, मारुतीला लांबूनच हात जोडून, कस्तुराबाई अनवाणी पायांनी बारव झाकायला निघाली.