चाळणीतलं बाळ

सिमसिम नव्या पाळण्याखालून गेला आणि पाळणा त्याच्या पाठीवर बसून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचला. त्याच संध्याकाळी रऊफने कुत्र्याचं वजन केलं. आधी स्वतः एकटा काट्यावर उभा राहिला, मग सिमसिमला उचलून, मग वजाबाकी. उत्तर आलं एकतीस किलो. असायला हवं होतं चोवीस.

"सात किलो जास्त," तो इंजीला म्हणाला. "म्हणजे दोन बाळं."

"माझं एक आहे तेवढं पुरे," पलंगावर उशांच्या आधाराने बसलेली इंजी म्हणाली. तिला नववा महिना लागला होता, इमारतीची लिफ्ट बंद होती आणि घर पाचव्या मजल्यावर. गेले पाच आठवडे ती खाली उतरली नव्हती.

खरा प्रश्न वजनाचा नव्हता. इंजीची आई, हज करून आलेली हाज्जा इन्शिराह, तान्ता गावाहून रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "गेला का तो?" तिच्या मते ज्या घरात तान्हं मूल येणार त्या घरात कुत्रा असूच नये. पुष्कळ रडारड झाल्यावर तिने एवढंच कबूल केलं होतं की बाळंतपणाला ती येईल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. सिमसिम एकदा जरी भुंकला, एकदा जरी बाळाच्या अंगावर गेला, तर तिच्या भावाच्या संत्र्याच्या बागेत रवानगी. सिमसिम चार वर्षांपूर्वी यांच्याच गल्लीत, एका मोटारीखाली सापडला होता. बाग कितीही चांगली असली तरी इंजीला ते नाव काढलं की रडू यायचं.

रऊफ पाण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होता. तो रडण्यापेक्षा पद्धतीवर विश्वास ठेवायचा. त्याने बाजारातून खऱ्या बाळाएवढी एक बाहुली आणली, तिला दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि फोनवर बाळाच्या रडण्याचा आवाज उतरवून घेतला. आवाज सुरू झाला की सिमसिमने बाहेरच्या खोलीत पाळण्याशेजारच्या चटईवर, बाहुलीजवळ गप्प पडायचं. पडला, की उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा. आठ ग्रॅम. दिवसभरात जेवढे तुकडे दिले तेवढे रात्रीच्या भोपळा-भातातून वजा.

"माझ्या लग्नातसुद्धा कोंबडी कुणी तोलून वाढली नव्हती," इंजी म्हणाली.

नवव्या दिवशी एक गंमत झाली. बाहुली पाळण्यातून खाली पडली. इंजीला वाकता येईना. रडण्याचा आवाज चालूच होता. सिमसिमने थोडा विचार केला, दुपट्याची गाठ अलगद दातांत धरली, बाहुली चटईवर आणून ठेवली आणि तिच्याभोवती वेटोळं करून पडला. हिशेब साधा होता: बाहुली चटईवर असल्याशिवाय कोंबडी मिळत नाही. रऊफने त्याला दोन तुकडे दिले.

घरातला अभ्यास पुरा झाला, तेव्हा रऊफने बाहेरचा सुरू केला. कुत्र्याने बाबागाडीच्या बाजूने, न ओढता चालायला हवं. म्हणून शनिवारी सकाळी सात वाजता तो बाबागाडीत बाहुली, वर पातळ जाळी आणि शेजारी सिमसिम असा गल्लीत निघाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म साबिर तेव्हा सज्ज्यातून दोरीने टोपली सोडून पाव वर घेत होत्या. टोपली अर्ध्यावरच थांबली.

"इंजिनियरसाहेब! मुबारक! केव्हा झालं?"

रऊफ इंजिनियर नव्हता, पण ते सांगणं त्याने तीन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. "अहो, अजून झालंच नाही, उम्म साबिर. ही बाहुली आहे. कुत्र्यासाठी."

उम्म साबिरनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "बरोब्बर. असंच सांगायचं. लोकांच्या नजरेचं काही खरं नाही हो."

"नाही, म्हणजे खरंच—"

"मी कुणाला सांगतेय थोडीच!"

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. पुरावाही भक्कम होता. स्वयंपाकघरांच्या खिडक्या आतल्या ज्या चौकात उघडायच्या, त्या चौकातून बाळाचं रडणं दोन आठवडे सर्वांनाच ऐकू येत होतं. रविवारी दुसऱ्या मजल्यावरून भात भरून शिजवलेली कबुतरं आली. सोमवारी बाळंतिणीसाठी तूप आणि सुकामेवा घातलेलं मुगात नावाचं गरम पेय आलं. रऊफ दारात उभा राहून प्रत्येकीला सांगायचा, "बाळ झालेलं नाही," आणि प्रत्येक बाई डोळा मारून म्हणायची, "आमचंही झालं नव्हतं, चाळीस दिवस!"

उम्म साबिरनी शब्द पाळला. इमारतीबाहेर त्यांनी फक्त एकाच व्यक्तीला सांगितलं. हाज्जा इन्शिराहने लेकीवर लक्ष ठेवायला म्हणून त्यांच्याकडे आपला नंबर देऊन ठेवला होता. त्यांनी अभिनंदनाचा फोन केला.

शुक्रवारी दुपारी हाज्जा दारात उभी राहिली. हातात तीन पिशव्या, डोळ्यांत पाणी आणि आवाज जिन्यापासूनच चढलेला.

"मला! सख्ख्या आईला! नातवंड झाल्याचं शेजारणीकडून कळतं! असं काय घोडं मारलं होतं मी तुमचं?"

दार इंजीने उघडलं होतं. हाज्जाची नजर लेकीच्या चेहऱ्यावरून खाली आली आणि पोटापाशी थांबली. पिशव्या हळूच जमिनीवर टेकल्या.

"जुळं आहे का?" तिने विचारलं. "एक झालं नि एक राहिलंय?"

रऊफने सगळं समजावून सांगितलं. बाहुली दाखवली, फोन दाखवला, ग्रॅमचा तक्ता दाखवला. हाज्जा झगा सावरून, सिमसिमचा स्पर्श होणार नाही अशा बेताने, खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होती.

"म्हणजे माझा जावई," शेवटी ती म्हणाली, "बाहुली घेऊन रस्त्यावर फिरतो."

"प्रशिक्षणासाठी, आई."

"कळलं. कुणाला सांगू नकोस."

एवढ्यात घंटा वाजली. पहिल्यांदा बाळ दिसल्याला आज सातवा दिवस होता आणि सातव्याचा सोहळा चुकवणारी ती इमारत नव्हती. दारात उम्म साबिर, त्यांच्यामागे जिन्यात सोळा बायका. पेटलेल्या मेणबत्त्या, सात धान्यं, बाळ मावेल एवढी चाळण आणि पितळेचा खलबत्ता.

हाज्जाकडे विचार करायला दोन सेकंद होते. खरं सांगावं तर जावई वेडा ठरतो. तिने लेकीला आतल्या खोलीत ढकललं, जावयाला तिच्यामागे ढकललं, सिमसिमला स्वयंपाकघरात ढकललं आणि बाहुलीच्या तोंडावर जाळी ओढून म्हणाली, "या, या! बाळंतीण झोपलीय, टाके आहेत. आपण बाहेरच उरकून घेऊ."

बाहुली चाळणीत ठेवली गेली. बायकांनी ती गदागदा हलवली. उम्म साबिरनी बाळाच्या कानाशी खलबत्ता बडवायला सुरुवात केली, कारण मुलाने पुढे कुठल्याही आवाजाला दचकू नये.

"आईचं ऐक!" ठण्ण. "बापाचं ऐकू नकोस!" ठण्ण. "आजीचं ऐक!"

"किती शहाणं बाळ," एक बाई म्हणाली. "हूं नाही की चूं नाही."

"अगदीच नाही," दुसरी म्हणाली आणि जाळीजवळ वाकली. "का हो, ठीक आहे ना?"

हाज्जाने आतल्या खोलीच्या दाराकडे डोळे वटारले. फटीतून बघणाऱ्या रऊफला त्याचा अर्थ लगेच कळला. बाळाने रडायला हवं. त्याने खिशातल्या फोनवर आवाज लावला.

बाळ रडलं.

स्वयंपाकघराचं दार डोक्याने ढकलून सिमसिम बाहेर आला. सतरा बायकांच्या मधून, कुणाकडेही न बघता, तो चाळणीपर्यंत गेला, दुपट्याची गाठ अलगद दातांत धरली आणि बाळ उचलून निघाला.

जी किंकाळी उठली ती पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेली. एक बाई सोफ्यावर कोसळली, एकीची मेणबत्ती दुसरीच्या ओढणीत शिरता शिरता राहिली. सिमसिमने बाळ चटईवर ठेवलं, त्याच्याभोवती वेटोळं केलं आणि गप्प पडला. तेवढ्यात जाळी सरकली. प्लास्टिकचा गुलाबी चेहरा वर आला. एक डोळा मिटलेला, एक उघडा.

 रडण्याचा आवाज अजून येत होता, आतल्या खोलीतून.

उम्म साबिरनी बाहुलीकडे पाहिलं. आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हातातला बत्ता छातीशी धरून हाज्जाकडे पाहिलं.

"वा, हाज्जा, वा! नजरेला पुढे बाहुली, आणि खरं बाळ आत! अहो, साठ वर्षांत मला कुणी असं फसवलं नव्हतं!"

सगळ्या बायका धन्य झाल्या. कौतुक करत, खारे दाणे खात, आपल्या सुनांना हेच शिकवायचं असं ठरवत त्या अर्ध्या तासाने खाली उतरल्या.

दार लागल्यावर रऊफने आवाज बंद केला. इंजीला हुंदका आवरेना. परीक्षेचा निकाल उघड होता: कुत्र्याने सर्वांदेखत बाळ पळवलं होतं.

"आई, त्याला बागेत नको ना पाठवू—"

हाज्जा चटईकडे बघत होती. सिमसिम अजून हलला नव्हता.

"इथे सतरा बाया होत्या," ती म्हणाली. "माझ्यासकट अठरा. पोराला चाळणीत हलवलं, कानाशी पितळ बडवलं. 'आता पुरे' असं एकट्या त्यालाच वाटलं. तो कुठंही जाणार नाही."

सिमसिम रऊफकडे टक लावून बघत होता. त्याला आठ ग्रॅम येणं होतं. रऊफने शास्त्रीय खुलासा करायला तोंड उघडलं. इंजीने त्याच्या पायावर पाय दिला. 

हाज्जा उठली, पिशवीतून तान्ताहून आणलेली भाजलेली कोंबडी काढली आणि कातडीसकट अख्खी तंगडी स्वतःच्या हाताने सिमसिमला भरवली.

"आई, नमाजाची तुमची वजू मोडली!" रऊफ म्हणाला.

"परत करता येते. आणि किती ग्रॅम झाले ते मला सांगायचं नाही."

इंजीला सोळा दिवसांनी मुलगी झाली. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी उम्म साबिर बघायला आल्या.

"महिन्याची व्हायला आली ना? दिसते चार दिवसांची," त्या म्हणाल्या. "दूध पुरतंय ना?" मग त्यांना पाळण्याला पाठ लावून झोपलेला सिमसिम दिसला आणि त्यांनी पाय आवरून घेतले. "हाज्जा, याला इतक्या जवळ? भीती नाही वाटत?"

"कसली भीती?" हाज्जा म्हणाली. "ही पहिलटकरीण. तो पहिल्यांदाच बाप झालाय. मी पहिल्यांदाच आजी. घरात अनुभवी असा हा एकटाच. याचं हे दुसरं."