घरातलं उदासीन

पेन्सिलीचं टोपण बाकाखाली पडलं नसतं, तर पुढचा घोळ झालाच नसता. पण भिंगरीच्या हातात एखादी वस्तू जागेवर राहील तर शपथ! विज्ञानाच्या बाई फळ्यासमोर आम्ल, आम्लारी आणि उदासीन पदार्थ जीव तोडून समजावत होत्या, तेव्हा ही बया बाकाखाली रांगत होती. टोपण सापडलं, वर येताना डोकं बाकावर आपटलं आणि कानावर पडलं ते फक्त शेवटचं वाक्य.

"तर उद्या प्रत्येकाने घरातलं एकेक उदासीन घेऊन यायचं. खरंच उदासीन आहे का, ते आपण इथे तपासू."

भिंगरीने डोकं चोळत विचार केला. घरातलं उदासीन? ह्यात शोधायचंय काय! आई रोज फोनवर मावशीला तेच तर सांगते, "सासरे अगदी उदासीन झालेत गं. कशात म्हणून लक्ष नाही."

आणि ते खरंच होतं. आजोबा हाडाचे शिंपी. दुकानात त्यांचा हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. पण आजी गेली आणि आजोबांनी मशीन घरी आणून झाकून ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". आजीचं तर नावही घरात कुणी काढत नव्हतं. आजोबांच्या गप्पांवाचून भिंगरीला घर खायला उठायचं. शाळेत तपासायची सोय आहे म्हटल्यावर तिला केवढं हायसं वाटलं! एकदा तपासलं की पुढे उपाय आलाच.

"आजोबा, उद्या माझ्याबरोबर शाळेत चला. बाईंनी आणायला सांगितलंय."

"मला?"

"मग काय! घरात दुसरं कोण आहे तसं?"

पोरीने काहीतरी उद्योग केला असणार, असं समजून आजोबांनी सुस्कारा सोडला. सकाळी मात्र त्यांनी स्वतः शिवलेला काळा कोट चढवला. चारचौघांत जायचं तर अंगावर कपडा नीट हवा, हे शिंप्याला सांगावं लागत नाही.

वर्गात पोरं बाटल्या मांडण्यात दंग होती. भिंगरी धावत टेबलापाशी गेली. "बाई, मी आणलंय. शेवटच्या बाकावर ठेवलंय."

"शाबास," बाई लिटमसच्या पट्ट्या मोजता मोजता म्हणाल्या. मान काही वर केली नाही.

नेमकी इथेच माशी शिंकली. त्या दिवशी शाळेची तपासणी होणार होती आणि हेडसर सकाळपासून साहेबांची वाट बघून घामाघूम झाले होते. वर्गावरून जाताना त्यांनी आत डोकावलं. शेवटच्या बाकावर काळा कोट, पांढरे केस, गंभीर चेहरा! न सांगता येऊन बसलेत साहेब! हेडसर धावतच आत आले.

"साहेब, इथे बाकावर कशाला? खुर्ची आणवतो, चहा आणवतो!"

"नको," आजोबा म्हणाले.

चहासुद्धा नको! हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडे बाईंची पट्ट्यांची मोजणी पार चुकली. आजोबा मात्र हेडसरांच्या शर्टाकडे बघत होते. जुनी सवय, नजरच मापं घेते, त्याला कोण काय करणार? शर्ट खांद्यावरून पार दंडापर्यंत ओघळला होता. आजोबांना ते सहन होईना.

"खांद्यावर फार होतंय तुमच्या," ते हळूच म्हणाले.

हेडसरांचे डोळे एकदम भरून आले. "साहेब, एवढ्या वर्षांत हे ओळखणारे तुम्ही पहिलेच! घरी, शाळेत, कुणालाच दिसत नाही हो!"

"उतरवून देतो की. त्यात काय?"

"तुम्ही? स्वतः?" हेडसर आजोबांच्या पाया पडायचेच बाकी राहिले. तेवढ्यात बाईंनी धीर करून तपासायला सुरुवात केली. कुणी मिठाचं पाणी आणलं होतं, कुणी साखरेचं. एक साबणाचं पाणीही घुसलं होतं. मग नंबर आला भिंगरीचा.

"तू काय आणलंस?"

"आजोबा."

"आजोबांनी काय दिलं?"

"दिलं नाही काही. आजोबाच आणलेत." तिने शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "आई म्हणते, ते उदासीन झालेत. आधी असे नव्हते हो बाई. खूप बोलायचे. तपासा ना त्यांना."

वर्गात खसखस पिकायला हवी होती, पण कुणीच हसलं नाही. बाई टेबलामागून पुढे आल्या. त्यांनी लाल लिटमसची एक पट्टी भिंगरीच्या हातात ठेवली. "तूच तपास, बाळा."

भिंगरीने पट्टी आजोबांच्या तळहातावर ठेवून दाबली. रंग होता तसाच राहिला, म्हणजे उदासीनच! तिचा चेहरा एवढासा झाला.

"म्हणजे... हे साहेब नव्हेत?" हेडसरांच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला.

"शिंपी," आजोबा म्हणाले. "शर्टाचा खांदा उतरवून देतो म्हटलं. मापात."

हेडसरांचा जबडा खाली आला आणि डावा खांदा आणखी ओघळला. ते ध्यान बघून आजोबा खो खो हसत सुटले. मग सगळा वर्ग हसला, शेवटी हेडसरही. आजोबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा नातीच्या केसांत कधी लपला, ते त्यांनाही कळलं नाही. भिंगरीने बघितलं, तर पट्टीवर एक निळसर ठिपका. आता तो आसवाने आला की शेजारच्या साबणाच्या पाण्याने, ह्याची चौकशी विज्ञानाने खुशाल करावी.

"बाई, रंग बदलला!"

"बदलला गं," बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या.

खरे साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. संध्याकाळी मात्र हेडसरांचा शर्ट भिंगरीच्या घरी आला आणि मशीनवरचं कापड निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी दप्तर भरत होती, तर आजोबा कोट घालून दारात हजर.

"आजोबा, आज तुम्हाला नाही न्यायचं. आज आम्ल आणायला सांगितलंय. आंबट काहीतरी. बाई म्हणाल्या, वस्तूच आणा, माणूस नको!"

"का, मी काय वाईट आहे? तुझी आजी म्हणायचीच, गिऱ्हाइकांशी सगळं गोड आणि घरात आलं की तोंड आंबट!"

स्वयंपाकघरात आईचा हात थांबला. भिंगरीने हातातलं लिंबू टोपलीत परत टाकलं आणि आजोबांचं बोट धरलं.

"चला," ती म्हणाली. "आणि आजी अजून काय काय म्हणायची, ते वाटेत सांगा."