हातांवर बसणारे काकाजी

सुरुवातीलाच माफी मागतो. कोणाबद्दल असं काही लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही कम्प्युटरच्या कोर्ससाठी. शाळा हिंदीत झाली. मराठी मी घरात, शेतात आणि आईच्या रागात शिकलो. त्यामुळे कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण दिनकर काकाजींबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं मला वाटतं, आणि बालाघाटात त्यांना ओळखणारे बाकी सगळे दुकानदार आहेत. ते लिहिणार नाहीत.

तर काकाजी दुसऱ्याच्या कम्प्युटरसमोर बसले की दोन्ही हात मांडीखाली घालतात आणि त्या हातांवर बसतात. किराणा दुकान असो, खताचं दुकान असो, धानाची मिल असो. एका खतवाल्यानं एकदा त्यांना थंडी वाजतेय असं समजून टेबलाखाली शेगडी आणून ठेवली होती. काकाजी घामाघूम झाले, पण हात काढले नाहीत.

काकाजींचा धंदा म्हणजे दुकानदारांसाठी प्रोग्राम लिहिणं. मोबाईलवरचे नाहीत, इंटरनेटवरचे नाहीत. टेबलावरच्या कम्प्युटरवर चालणारे साधे प्रोग्राम: बिल करा, माल चढवा, माल उतरवा. सरकारी खात्यातल्या कम्प्युटरच्या खोलीतून ते रिटायर झाले आणि घरच्या पडवीत हे सुरू केलं. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून जातो.

हातांचं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"माही बोटं लय शहाणी हायत रे," काकाजी म्हणाले. "प्रोग्राम मीच लिहिला. जिथं खड्डा हाय, तिथून बोटं आपोआप वळसा घालून जातात. मंग खड्डा दिसतच नाही. ज्याचं दुखते, त्यालेच चालू द्या. आपण फक्त पाहा."

मग ते दुकानातल्या माणसाला सांगतात, "हं, करा जी. रोज जसं करता तसंच करा. मी नाहीच असं समजा." आता हातांवर बसलेला, डोळे बारीक केलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस खांद्यापाशी असताना तो नाहीच असं समजणं सोपं नसतं. लोक घाबरून भलतीच बटणं दाबतात. काकाजींना त्याचाही आनंद होतो. "बेस! हे तं म्या सपनात बी पाहिलं नव्हतं."

त्यांच्या प्रोग्राममध्ये काही बिघडलं की पडद्यावर इंग्रजीतली लाल चौकट येत नाही. काकाजींचं बोलणंच येतं. "थांबा जी. तुमची चूक नाही, माही हाय. फोन करा." बाहेरगावच्या एका कपडेवाल्याने तक्रार केली की भाषा जरा शुद्ध करा, गिऱ्हाईक हसतात. काकाजी म्हणाले, "हसून राह्यले ना? रडून तं नाही राह्यले? मंग राहू द्या."

याच कपडेवाल्याकडे एकदा एकाच साडीची बिलं एकामागून एक छापून बाहेर येऊ लागली. झालं असं की बिलाचं बटण दाबल्यावर प्रोग्राम आतल्या आत हिशोब करत बसला, आणि तोवर पडदा गोठला. दुकानातल्या माणसानं पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग रागानं. प्रोग्राम जागा झाला आणि त्यानं प्रत्येक वेळचं दाबणं ऐकलं. मालक नोकरावर ओरडत होता. काकाजींनी मालकाला थांबवलं.

"दार वाजवलं अन् आतून आवाज नाही आला, तं माणूस काय करते? पुन्हा वाजवते. वाजवणाऱ्यावर काहून चिडता? आत बसला त्यानं ओ द्यायला पाहिजे."

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये, काम लांबलं की पडद्यावर येतं: "आलो, आलो. जरा दम धरा." आणि बटण तोवर दाबलंच जात नाही.

माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टचंही त्यांनी असंच केलं. कॉलेजात तो चालेना, आणि मी काकुळतीला येऊन म्हणालो, "काकाजी, माझ्या कम्प्युटरवर तर चालते!"

"आपल्या चुलीवर भाकर फुगलीच पाहिजे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या चुलीवर फुगवून दाखव." मी फाइलींचा पत्ता माझ्या मशीनमधल्या डब्याचा, म्हणजे फोल्डरचा, लिहून ठेवला होता. कॉलेजच्या मशीनला तो डबाच नव्हता.

पण त्यांचा खरा मंत्र वेगळा. काहीही बिघडलं की ते पहिल्यांदा विचारतात, "चालत होतं ना? मंग बदललं काय?" समोरचा म्हणतो, काहीच नाही बदललं. काकाजी मान हलवतात. नंतर कळतं की दुकानात नवा प्रिंटर आलाय, किंवा कोणी पेनड्राईव्ह लावलाय, किंवा भाच्यानं कम्प्युटरची तारीख अमेरिकेसारखी करून ठेवली आहे. "काहीच नाही बदललं म्हणते तो माणूस, थोडं खोदलं की सारं घर बदलवून बसला रायते," असं काकाजी म्हणतात.

हा प्रश्न त्यांनी एकदा विचारला आणि उत्तर ऐकून मान हलवली नाही. ती गोष्ट सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

किरनापूरच्या रस्त्यावर एक धानाची मिल आहे. तिथल्या धर्मकाट्याचा प्रोग्राम काकाजींचा. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन तारेतून कम्प्युटरमध्ये येतं, बोऱ्यांची, म्हणजे पोत्यांची, संख्या हातानं भरायची, चिठ्ठी निघते. दुपारी एक गोषवारा काढायचा: किती गाड्या, किती बोरे, प्रत्येक गाडीत एका बोऱ्याला सरासरी किती धान. अनेक वर्षं सुरळीत चाललेला प्रोग्राम. काट्यावर ज्योतीताई बसायच्या. वडील याच मिलमध्ये मापारी होते, म्हणजे काटा येण्याच्या आधी धान मापून द्यायचे. त्यांच्या ओळखीनं मुलीला काम मिळालं होतं.

या हंगामात प्रोग्राम दुपारी अचानक बंद पडायला लागला. रोज नाही, अधूनमधून. बंद पडला की सकाळच्या चिठ्ठ्या अडकायच्या आणि रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरची रांग लागायची. शेतकरी शिव्या द्यायचे. सेठजी ज्योतीताईंना शिव्या द्यायचे.

काकाजी गेले, हातांवर बसले. ज्योतीताईंनी सकाळपासून दुपारपर्यंत सगळं करून दाखवलं. काहीच झालं नाही. आम्ही परत आलो आणि दोन दिवसांत पुन्हा बंद. पुन्हा गेलो, पुन्हा काहीच नाही. काकाजी त्या कम्प्युटरकडे असे पाहत होते, जसं आई खोटं खोटं पोट दुखणाऱ्या पोराकडे पाहते.

मग ज्योतीताई मामाच्या घरच्या लग्नाला गेल्या. आठवडाभर मुनीमजी काट्यावर बसले. प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही.

सेठजींना आणखी पुरावा नको होता. "काकाजी, आपका सॉफ्टवेअर ठीक है। लड़की ठीक नहीं है। मोबाईल में ध्यान रहता है।" ज्योतीताई लग्नाहून आल्या तेव्हा काट्यावर नवा मुलगा बसला होता.

"सेठजी, चूक तिची नाही," काकाजी म्हणाले.

"तो किसकी है?"

"माही."

"क्या चूक है, बताओ?"

आणि काकाजींना सांगता येईना.

त्यानंतर प्रोग्राम अगदी छान चालला. आणि तो चालतो आहे म्हणून काकाजी झुरणीला लागले. आपला प्रोग्राम बिघडत नाही याचं दुःख करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मिलला फोन करून विचारायचे, "बंद नाही ना पडला?" नाही म्हटलं की तोंड उतरायचं. तो जितके दिवस नीट चालेल तितकी ज्योतीताईंची परतायची वाट बंद होणार होती. घरात कमावणाऱ्या त्याच होत्या. आई आणि शाळेतला भाऊ.

एका रविवारी ते मला म्हणाले, "चाल. मशीनले लय विचारलं. आता माणसाले विचारू."

ज्योतीताईंचं घर किरनापूरमध्येच. त्यांच्या आईनं चहा ठेवला. ज्योतीताई दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, काकाजीही दोष द्यायला आले आहेत.

"म्या काही केलं नाही, काकाजी. मोबाईल तं मी पिशवीत ठेवत होती."

"माहीत हाय मले, बाई. मले एवढंच सांग. मागच्या साली चालत होतं. मंग बदललं काय?"

"काही नाही बदललं जी. बाबा गेले फक्त."

काकाजी नेहमीसारखी मान हलवणार होते, ती तशीच थांबली. चहा आला. त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडे न पाहता ते बोलायला लागले.

"तुह्या काकू जाऊन आता लय दिवस झाले. मी घरी येतो ना, तं कुलूप खोलायच्या आधी बेल वाजवतो. त्यायले आवडत नव्हतं, न सांगता घरात आलेलं. आता आत कोणी नाही, मले माहीत हाय. पण वाजवतो. या पोराले वाटते माही बेल खराब हाय, मी टेस्ट करतो."

खरंच मला तसं वाटत होतं. माडीवरून मी दोनदा ओरडून सांगितलंही होतं, "काकाजी, वाजून राह्यली!"

"तसं काही असन तं सांग," ते म्हणाले. "हसत नाही मी."

ज्योतीताईंनी आईकडे पाहिलं. मग हळूहळू सांगितलं. मापारी धान मापताना पहिल्या मापाला कधी एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. त्यांचे बाबा आयुष्यभर तसंच म्हणाले. इलेक्ट्रिक काटा आल्यावर ते बंद झालं, सेठजींना असल्या गोष्टींचं हसू यायचं. बाबा गेल्यावर, ज्या सकाळी ऑफिसात दुसरं कोणी आलेलं नसेल, त्या सकाळी ज्योतीताई रिकाम्या काट्याला हात जोडायच्या, लाभ म्हणायच्या, आणि पहिला तोल कम्प्युटरमध्ये रिकामाच चढवायच्या. वजन शून्य, बोरे शून्य.

"तुमच्यासमोर कसं करू? लाज वाटली मले."

काकाजींनी कपाळावर हात मारला. "शून्य बोरे! अन् मी दुपारी सरासरी काढायले त्या शून्यानं भागायले लावतो!"

शून्यानं भागाकार होत नाही हे शाळेत शिकवतात. कम्प्युटरला ते करायला सांगितलं की तो हात टेकतो आणि प्रोग्राम मिटतो. इतकं साधं होतं ते. घरी येऊन काकाजींनी पडवीत रिकामी चिठ्ठी चढवली, गोषवारा काढला, आणि प्रोग्राम धाडकन बंद झाला. ते टाळ्या वाजवून हसले.

मला वाटलं, आता दोन ओळींचं काम. मी म्हणालो, "काकाजी, शून्य बोरे भरले तर चिठ्ठी घ्यायचीच नाही. पडद्यावर लिहायचं, बोरे भरा जी. झालं."

पुस्तकात तसंच सांगितलेलं आहे. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग थे सकाळी काय करन?"

"कोण?"

"ज्योती."

"पण काकाजी, त्या तर कामावर नाहीत आता."

"आली तं?"

त्यांनी रिकामी चिठ्ठी तशीच येऊ दिली. गोषवारा काढताना फक्त तिला बाजूला ठेवलं. भागाकारात घेतलं नाही, आणि पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिलमध्ये गेलो. काकाजींनी जुनाच प्रोग्राम उघडला, सेठजींना खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी हातांवर बसले. "सेठजी, काट्यावर काही नाही. समजा, चुकून चिठ्ठी चढली. चढवा. हं. आता गोषवारा काढा." सेठजींनी बटण दाबलं. प्रोग्राम मिटला. मुनीमजी खिडकीबाहेर बघायला लागले. ज्योतीताई रिकामी चिठ्ठी का चढवायच्या, ते काकाजींनी सांगितलं नाही.

"बोला आता," काकाजी म्हणाले. "मोबाईल तं तुमच्या खिशात हाय. कोणाले काढायचं?"

सेठजी हसले नाहीत. "देखते हैं," म्हणाले. नव्या मुलाला पगार ठरलेला होता, हंगाम अर्धा झाला होता, आणि सेठजींना आपलं चुकलं असं म्हणायची सवय नव्हती. काकाजींनी नवा प्रोग्राम बसवला आणि आम्ही निघालो.

मग काहीच कळलं नाही. काकाजी मिलला फोन करेनात. म्हणायचे, मागं लागलं तर सेठ अजून अडून बसेल. ज्योतीताईंनाही करेनात. तिला उगाच आशा लागेल. मोबाईल मात्र अंघोळीच्या दगडापर्यंत सोबत न्यायचे. दुकानदारांचे फोन यायचे, आणि नंबर पाहून त्यांच्या आवाजातला उत्साह जायचा. एका खतवाल्यानं मला विचारलंही, "काकाजी बिमार आहेत काय?"

मग एके दिवशी फोन माझा वाजला. आमच्या बाबांचा होता. ते चिन्नोर धान घेऊन त्याच मिलमध्ये गेले होते. मी पडवीत काकाजींसमोर बसून माझा प्रोजेक्ट दाखवत होतो. बाबा भावाचं, पावतीचं, ट्रॅक्टरच्या टायरचं सांगत राहिले आणि मग सहज म्हणाले, तुझ्या त्या मास्तरांना सांग, काट्यावर पोरगी बसली आहे.

मी काकाजींना सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, तसाच परत माझ्याकडे दिला आणि खुणेनं म्हणाले, विचार, कोणती पोरगी.

मी विचारलं.

"अरे थेच," बाबा म्हणाले, "आपल्या मापाऱ्याची. सेठनं सोता घरी गाडी पाठवून बोलावली म्हणते. सोमवारपासून येऊन राह्यली."