येडी बाभूळ आणि लाल चिंध्या

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मले. या जंगलाची बाग करून नाही दाखवली तं नाव बदलून ठेवा माह्यं!"

मंजुश्रीने ही प्रतिज्ञा कमरेवर हात ठेवून केली. म्हणजे एकच हात. दुसऱ्या हातावर दोन वर्षांची गुंजी होती, आणि गुंजीच्या मुठीत आईच्या कानातला झुबा होता. त्यामुळे एवढी बाणेदार प्रतिज्ञा मान तिरपी करूनच करावी लागली!

समोर उभा होता तिचा नवरा गणेश. त्याने धामणगाव बढ्याला सिमेंट, लोखंड आणि अंगणात फरशीसारखे बसवायच्या सिमेंटच्या गट्टूंचं दुकान टाकलं, म्हणून तर बुलढाण्याची माडीवरची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा सोडून सगळे इथे आले होते. घर छान होतं. देणाऱ्याने सांगितलं होतं, "मागं भरपूर मोकळी जागा हाये." भरपूर होती, यात वाद नाही. मोकळी नव्हती, एवढंच! वर्षानुवर्षं बंद घर ते. मागे छातीइतकं गाजरगवत, त्यात घाणेरीची जाळी, त्यात बेशरमीचं रान, आणि मधोमध केस मोकळे सोडून अंगात आल्यासारखी डुलणारी एक येडी बाभूळ. शेजारच्या रुखमाबाईंची कोंबडी एकदा आत शिरली, ती बाहेर आली तेव्हा तिच्यामागे पिल्लांची रांग होती. आता बोला!

"काऊन डोकं लावून राह्यली?" गणेश म्हणाला. "जेसीबी फिरवू, अन् वरून गट्टू बसवून टाकू. पाणी मारलं की चकाचक. गिऱ्हाईकालेही दाखवता येते, पहा म्हणा, असे बसतात!"

"म्हणजे माह्या पोरीनं दुकानाच्या नमुन्यावर खेळावं?"

इथे मंजुश्रीचा जीव अडकला होता. माडीवर गुंजीने माती पाहिली होती ती तुळशीच्या कुंडीतली, आणि तीही तिने खाऊन टाकली होती. लेकीचे पाय मातीत पडावेत, गुडघे मळावेत, नखांत चिखल जावा, असं मंजुश्रीला फार वाटे. शिवाय त्या रानाच्या कोपऱ्यात एक कडुनिंब होता. त्याची एक फांदी अशी आडवी, जणू कुणीतरी हात पुढे करून म्हणतंय, "आण इकडे पोरीला, मी झुलवतो!" झोका तिथेच बांधायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. फांदीला विचारायचं फक्त राहिलं होतं.

"बरं," गणेश म्हणाला. "रविवारी दुपारी गट्टूचा ट्रॅक्टर येते. तोवर साफ झालं तं बाग. नाही तं गट्टू!"

"मंजूर!"

कामाला वेळ मिळायचा तो गुंजी झोपली की. आणि गुंजीची झोप कशी, तर कढईत मोहरी तडतडली की खल्लास! आई उशाशी असली तर एक डोळा मिटणार, आई उठली की दोन्ही उघडणार. अशा चोरलेल्या चिमूट चिमूट वेळात मंजुश्रीने बागेचा नकाशा काढला. इथे मेथी, तिथे वांगी, कुंपणाला झेंडू, जुनी डाळिंबाची आणि पपईची झाडं ठेवायची, मोगरा आणि जास्वंद जपायचे. काय सुरेख नकाशा होता! शनिवारी दुपारी गुंजीने तो खाल्ला. वांग्यांचा वाफा तेवढा तोंडातून काढता आला.

पण मंजुश्री जानेफळची लेक. शेतकऱ्याच्या घरची. ती काय हरते? "कागद खाशील, झाडं तं नाही खाणार!" असं म्हणून तिने सामानातलं एक न सोडलेलं गाठोडं सोडलं. त्यात एक जुनं, विटलेलं लाल लुगडं होतं. टर्रर्र! टर्रर्र! त्याच्या चिंध्या झाल्या. जे झाड तोडायचं त्याला चिंधी. ज्याला चिंधी नाही ते ठेवायचं. लहान पोरालाही कळेल असा हिशोब!

संध्याकाळी गुंजीला कडेवर घेऊन ती रानात शिरली. घाणेरीला चिंधी. रुईला चिंधी. बेशरमीला चिंधी. वाफ्यांच्या हद्दी कळाव्यात म्हणून गोल गोल गोटे गोळा केले, गेरूत बुडवले आणि ओळीने मांडले. सगळ्यांत शेवटी येडी बाभूळ. तिला चांगली तीन पदरी चिंधी बांधली, आणि निघणार तोच काट्यात पदर अडकला! मग मंजुश्री खाली मान घालून, दोन्ही हात छातीशी धरून, कितीतरी वेळ बाभळीपुढे उभी. काटा सोडवता सोडवता ती कळवळून म्हणाली, "सोड वो माय आता! लय झालं! सुटका कर माही!"

आवाराच्या भिंतीवरून रुखमाबाईंनी हे पाहिलं. ऐकलंही. आणि त्यांनीही हळूच हात जोडले.

रविवारी सकाळी तोडकामाला सांगितलेला सहदेव आपली माणसं घेऊन आला. खांद्यावर कुऱ्हाडी, हातात विळे. नेमकी गुंजी दाढा येत असल्याने किरकिर करत होती.

"सहदेवभाऊ, सगळ्या खुणा करून ठेवल्या हाये," मंजुश्रीने दारातूनच सांगितलं. "चिंध्या पाहून काम करा बरं!"

"पाह्यल्या वयनी. आम्हाले काय सांगा लागते? तुम्ही पोरीले घ्या, बेफिकीर राहा!"

मंजुश्री गुंजीला घेऊन आडवी झाली. बाहेर कुऱ्हाड सुरू झाली. ठक... ठक... ठक. आता पोरगी उठून घर डोक्यावर घेणार! पण आश्चर्य पहा, त्या ठोक्यांवर गुंजीचे डोळे जड झाले. मूठ सैल पडली. गरम गरम श्वास आईच्या गळ्याशी लागू लागला. तिचा घामेजलेला इवला माथा हुंगत मंजुश्रीने मनात म्हटलं, पाच मिनिटं पडते, मग जाऊन पाहते. दोन वर्षांची झोप साठलेली होती बिचारीची! पाच मिनिटं कुठली?

जाग आली ती टाळ्यांनी. टाळ्या, आणि मागोमाग बायकांच्या सुरातली आरती.

मंजुश्री धडपडत मागच्या दारात आली आणि थबकली. केवढं ऊन! केवढी जागा! गाजरगवत गेलं होतं, पलीकडची भिंत चक्क दिसत होती! "जिंकली मी!" ती ओरडणारच होती. तेवढ्यात नजर खाली गेली.

पपई आडवी. डाळिंब आडवं. मोगऱ्याचं नाव नाही, जास्वंद मुळासकट ढिगाऱ्यावर. आणि त्या साफसूफ रणांगणावर ताठ मानेने उभ्या होत्या: घाणेरी, रुई, बेशरम आणि येडी बाभूळ. सगळ्यांच्या गळ्यात लाल चिंध्या!

कोपऱ्यात सहदेवाने कडुनिंबावर कुऱ्हाड उचलली होती. एक घाव बसलाही होता.

"थांबाऽऽ!" मंजुश्री अनवाणी धावली आणि तिने निंबाला मिठीच मारली. "हा नाही! हा माह्या पोरीच्या झोक्याचा हाये!"

"पण वयनी, याले चिंधी नाही."

"म्हणूनच तं ठेवाचा होता!"

"मंग हे चिंधीवाले?"

"ते तोडाचे होते!"

सहदेवाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि दोन्ही कान पकडले. "नवसाचं झाड तोडा म्हणता? माह्या हातानं? मले लेकरंबाळं हायेत, वयनी!"

"नवसाचं? अहो, बेशरमीलेही नवस?"

"मीही तेच म्हणलं," सहदेवाचा एक गडी मान हलवत म्हणाला. "पण ज्याची त्याची श्रद्धा. आपण काय बोलाव?"

तिकडे बाभळीखाली दहा-पंधरा बाया जमल्या होत्या. वाफ्यांच्या हद्दीचे गेरूचे गोटे बुंध्याशी रचले गेले होते. वांग्यांच्या गोट्यांवर हळदीकुंकू, मेथीच्या गोट्यांपुढे नारळ! रुखमाबाईंनी मंजुश्रीला पाहून तिची अलाबला घेतली.

"एवढा मोठा नवस केला, अन् शेजारणीले सांगतलं नाही? कालची माही म्हैस गायब होती. तुह्यासंगं मीही भिंतीवरून हात जोडले. अन् पहाटे पाह्यतो तं काय, दारात म्हैस!"

"अन् माह्या गजाननासाठी पोरीकडून होकार आला!" गल्लीतल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सकाळी पाया पडली, चहा व्हायच्या आत फोन!"

"अवं काकू, ऐका तरी! मी ते तोडासाठी बांधलं होतं! पदर अडकला होता माह्या काट्यात!"

मग रुखमाबाई इतर बायांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बराबर हाये पोरीचं. आपला नवस कोणी तोंडानं सांगते का? लपवाच लागते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने तर मंजुश्रीच्या संयमाचं कौतुक म्हणून तिच्या कपाळाला कुंकूच लावलं!

याच मुहूर्तावर वडनेर भोलजीहून सासूबाई आल्या. मनकर्णाबाई म्हणजे आवाज असा, की हाक मारली तर नांदुऱ्यात ऐकू जावी. नातीसाठी लाडूंचा डबा घेऊन त्या थेट मागे आल्या, बाभळीसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"हे तं माह्यं लुगडं व्हय!"

मंजुश्री दोन पावलं मागे सरकली. "आत्याबाई, ते जुनं..."

"जुनंच! माह्या मायनं घेऊन देल्लं होतं. गुंजीच्या गोधडीसाठी तुमच्या सामानात ठेवलं होतं मी. फाडलं कोणं?"

आता भडका उडणार! पण अन्नपूर्णाबाई पुढे झाल्या. "म्हणजे सासूच्या लुगड्याचा नवस? अवं माय! सासूले देवीच्या जाग्यावर मानते ही सून! असं भाग्य कोणाले भेटते?" आणि त्या मनकर्णाबाईंच्या पाया पडल्या. मागोमाग रुखमाबाई. मागोमाग सगळी रांग.

मनकर्णाबाईंचं शिवी द्यायला उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, लाडूंचा डबा प्रसादात ठेवला आणि आरतीचं ताट आपल्या हातात घेतलं. जाता जाता सुनेच्या दंडाला मात्र असा चिमटा काढला, की बाभळीचा काटा बरा! "घरात चाल, मंग पाह्यतो तुले."

तोच फाटकात ट्रॅक्टर घरघरला. ट्रॉलीत गट्टूंची रास, आणि रासेवर वरातीतल्या नवरदेवासारखा गणेश!

"हटा, हटा! झाली का वो बाग? नाही ना? मंग सुरू करू! पयले ते बाभूळ पाडा!"

आरती थांबली. दहा-पंधरा डोकी एकदम वळली.

"देवीवर गट्टू घालतं?" रुखमाबाई.

"कोणती देवी? सकाळी चहा पेलो तवा तं नव्हती!"

"हाव का?" अन्नपूर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घराचं बांधकाम निंघालं हाये, ठाऊक हाये ना गणेशभाऊ? सिमेंट मंग मोताळ्याहूनच आणतो आम्ही."

गणेशने ट्रॉलीवरून उडी मारली. जमिनीवर टेकायच्या आत त्याच्या पायांतून चपला निघाल्या होत्या, असं सहदेव अजून शपथेवर सांगतो. "माता की जय!" तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला, की घरात गुंजी जागी झाली.

त्या ट्रॉलीतल्या थोड्या गट्टूंचा बाभळीभोवती ओटा झाला. ओट्यावर गणेशच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर आहे. उरलेले गट्टू आल्या वाटेने परत गेले, आणि पुन्हा कधी त्यांचा विषय निघाला नाही.

म्हणजे मंजुश्री जिंकली की हो! माती राहिली. निंबाच्या घावावर तिने शेणमाती लिंपली, झोका बांधला, उरल्यासुरल्या लुगड्याची सासूबाईंनी कुरकुरत इवली गोधडी शिवली आणि झोक्यात अंथरली. गुंजी दिवसभर मातीत लोळते, अधूनमधून थोडी खाते. फक्त बागेच्या मधोमध येडी बाभूळ आहे, ती तशीच. बाया मंगळवारी येतात, तिला घागरभर पाणी घालतात. वांग्याची रोपं सुकली, बाभूळ तेवढी तरारली आहे! मंजुश्रीने खरं काय ते सांगून पाहिलं, पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. जितकं सांगावं, तितकी तिची कीर्ती वाढते. शेवटी तिने नाद सोडला. "अडाणीपणा नुसता!" असं ती मनाशी म्हणते आणि मेथी निंदायला बसते.

परवा एक गोष्ट घडली. दुपारी गुंजी झोक्यात झोपली. मंजुश्रीने भांडी घासली, ती उठली नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उठली नाही. मंजुश्रीने चहा केला आणि तो गरम प्यायला! गरम! दोन वर्षांत पहिल्यांदा! मग पाय पसरून बसली, केस विंचरले, ढगांकडे पाहिलं. पोरगी आपली मुठी उशाशी टाकून शांत झोपलेली.

मंजुश्रीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गोधडी शिवून उरलेली, कमरेला खोचून ठेवलेली एक चिंधी काढली आणि मांजराच्या पावलांनी बाभळीपाशी गेली. गाठ मारून होते न होते, तोच भिंतीवरून आवाज आला.

"काय मांगतलं वो पोरी?"

मंजुश्री कानापर्यंत लाल झाली.

"काही नाही, काकू... उद्याची दुपार!"