सहा गाठींचं पार्सल

कलमकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र नेमकं त्यांच्या पोटाची चौकशी करणारं होतं!

एरवी पत्राला उत्तर म्हणजे काकांचा धर्म. छत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेला माणूस. टपालाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक तोंडपाठ, कुणी काही विचारलं की आधी कलमाचा आकडा आणि मग उत्तर. म्हणूनच गल्लीने त्यांचं नाव कलमकाका ठेवलं. पण हा सगळा रुबाब खिडकीच्या जाळीच्या आतला. जाळीमागे वाघ, जाळीबाहेर शेळी! निवृत्त झाल्यापासून ते पुस्तकात डोकं घालून बसायचे आणि दारावरची घंटा वाजली की काकूंना पुढे करायचे.

ते पत्र अकरा महिन्यांपूर्वी आलं. साठी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आतड्याच्या कॅन्सरची मोफत तपासणी. सोबत एक नळी, एक काडी, एक पाकीट. स्वतःच्या शौचाचा कणभर नमुना नळीत घालायचा आणि पाकीट टपालाने प्रयोगशाळेला धाडायचं. काकांनी ते वाचलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि सगळं बाड शब्दकोशामागे दडवलं. मागून आलेलं स्मरणपत्रही तिथेच गेलं. तिसऱ्या पत्राला शब्दकोश फळीवरून पुढे सरकून खाली पडायच्या बेतात आला.

मग फोन आला. खुद्द घरच्या डॉक्टरबाईंचा.

"काका, जरा दवाखान्यात येऊन जा."

काका गेले. खोकला नसताना खोकत गेले.

"तपासणीच्या ऑफिसातून मला एक यादी येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्यांनी पाकीट परत पाठवलं नाही त्यांची. तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

"वर्णानुक्रमे असेल."

"उशिरानुसार आहे."

काका रक्तदाबाच्या यंत्राकडे बघत बसले. डॉक्टरबाईंनी लहान मुलांच्या खेळण्यांतला मातीचा गोळा घेतला, तळहातावर वळला आणि त्याला जो आकार दिला तो पाहून काकांनी चष्माच काढून ठेवला.

"इकडे बघा, काका. काडी इथे टोचायची, मग इथे आणि इथे. काडी नळीत. संपलं! मी स्वतः केलंय मागच्या महिन्यात."

"तुम्ही?"

"का? डॉक्टरला पोट नसतं?"

काकांना हसू आलं. ते थांबलं तसं डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या थोरल्या भावाला दोन वर्षं त्रास होता. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे आले तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारं रक्त ही नळी सांगते, काका. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं."

काकांनी मान हलवली. परत जाताना ते खोकायला विसरले.

मंगळवारी सकाळी काकांनी मोहीम हाती घेतली. दीड तास दार बंद!

"अहो, सूचना वाचताय की पाठ करताय?" काकूंनी बाहेरून विचारलं.

"तिसऱ्या मुद्द्यावर आहे."

एकदाचं काम फत्ते झालं. पण प्रयोगशाळेच्या पाकिटावर ठळक अक्षरांत 'तपासणीचा नमुना' असं छापलेलं होतं. ते हातात धरून भर रस्त्याने जायचं? छे! काकांनी पाकिटाची मागची बाजू पाहण्याचीही तसदी घेतली नाही. ते तपकिरी कागदात गुंडाळलं, वर पुठ्ठा लावला, त्यावर आणखी कागद, त्यावर सुतळी, आणि सुतळीला कलम एकशे बाराप्रमाणे सहा गाठी मारल्या. बोटभर जाडीच्या पाकिटाची वीट झाली.

"दुपारी अडीचला जातो," काका छाती पुढे काढून म्हणाले. "त्या वेळी पोस्टात माशीसुद्धा फिरकत नाही. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे!"

"मीही येते. नाहीतर कोपऱ्यावरून परत याल."

पोस्टाबाहेरच्या लाल पेटीत वीट शिरेना. शिरणार कशी? लोक आत केळ्याची सालं टाकतात म्हणून पेटीचं तोंड काकांनीच अर्जामागून अर्ज करून अरुंद करून घेतलं होतं! निमूटपणे ते आत गेले. आत अकरा माणसांची रांग. माशी तेवढी नव्हती.

पुढे शिंपीदादा, मागे निवृत्त मुख्याध्यापिका, आणि खिडकीत काकांनी स्वतः तयार केलेली त्यांची शिष्या. प्रत्येक पार्सलामागे 'आत काय आहे' हे विचारायचंच, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं विचारायचं, म्हणजे कुणी खोटं बोलत नाही, ही शिस्त काकांचीच. शिष्येचा आवाज दैवी देणगी होती. ती कुजबुजली तरी समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायचं.

"काका! रांगेत कशाला? या, या, पुढे या! आत काय आहे?"

"खाजगी."

"खाजगी असा रकाना नाही. तुम्हीच काढून टाकलात."

"नमुना आहे," काका शर्टाच्या गुंडीला म्हणाले.

"कशाचा? कापड, धान्य की रसायन?"

"घरगुती उत्पादन."

"अय्या, काकूंनी केलंय?"

"नाही हो," काकू घाईघाईने म्हणाल्या, "ह्यांचं ह्यांनीच."

रांगेत कौतुकाची कुजबुज झाली. या वयात काका काहीतरी करायला लागले! शिंपीदादांनी पुढे होऊन हात मिळवला. काकांनी तो दोन बोटांत धरून सोडून दिला.

"खाण्याचं आहे का?" शिष्येची लेखणी सरसावली.

काका खोटं बोलत नसत. "आधी होतं."

"म्हणजे नासलंय? नाशवंत लिहू?"

"लिही."

"पातळ की घट्ट?"

"मला वाटतं... मध्यम."

"किंमत?"

काकांनी मदतीसाठी काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"काका, सरळ सांगा ना, काय आहे?"

"ते मी सांगू शकत नाही!" काकांचा आवाज एकाएकी चिरकला, आणि रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

शिष्येने लेखणी खाली ठेवली. तिचा चेहरा पडला. गुरूवरच शस्त्र चालवायची वेळ आली होती! "कलम चारशे सात," ती खालच्या आवाजात म्हणाली, म्हणजे फक्त निम्म्या रस्त्याला ऐकू गेलं. "उत्तर टाळल्यास पार्सल संशयास्पद समजावे."

ते कलमही काकांनीच सुचवलेलं.

पुढचं सगळं कलमाबरहुकूम झालं. पोस्टमास्तर धावत आले. रांग भिंतीला टेकवली गेली. वाळूची बादली आली. वीट टेबलाच्या मधोमध ठेवून तिच्याभोवती वाळूचं आळं करण्यात आलं. कुणीतरी म्हणालं टिकटिक ऐकू येतेय. ते काकांचं मनगटी घड्याळ होतं. आणि 'जवळच्या डॉक्टरास बोलवावे' या ओळीप्रमाणे समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरबाई पेटी घेऊन धापा टाकत आल्या.

"कुणाला लागलंय?"

"अजून कुणाला नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "पार्सल ह्यांचं आहे. आत काय ते सांगत नाहीत."

डॉक्टरबाईंनी विटेकडे पाहिलं. मग काकांच्या कानांकडे पाहिलं. कान पिकल्या टोमॅटोसारखे झाले होते.

"मला कळलं काय आहे ते," त्या म्हणाल्या. "धोका नाही. पण मी सांगणार नाही. पेशंटची गोष्ट पेशंटची."

"मग माझा नाइलाज आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "पोलीस येऊन घेऊन जातील. मैदानात नेऊन फोडतील."

मैदानात! काकांच्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं आणि त्यांनी ते ताबडतोब बसवलं. आज हे पार्सल फुटलं, तर ती काडी पुन्हा त्यांच्या हातून धरली जाणार नव्हती. हे काकांना ठाऊक होतं, आणि काकूंचे खांदे हलायचे थांबले त्यावरून त्यांनाही ठाऊक होतं. थोरल्या भावानेही असंच कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं.

काकांनी डोळे मिटले.

"आत माझी शी आहे!"

अख्ख्या पोस्टाला ऐकू गेलं. बाहेरची रिक्षा थांबली.

"कॅन्सरच्या तपासणीसाठी," काकूंनी घाईने जोड दिली. "उगाच नाही पाठवत."

 शिंपीदादांनी घसा साफ केला. "हात्तिच्या! ते पाकीट होय? मलाही आलंय. शिवणयंत्राचा एक पाय आखूड आहे, त्याखाली सरकवलंय."

"माझं कपाटावर आहे," मुख्याध्यापिका भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. शाळेत इतकी वर्षं सगळ्यांना धीट व्हा म्हणून सांगत आले."

"माझं मी जाळलं," पोस्टमास्तर वाळूकडे बघत म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेटीतून कागद काढला. "नावं सांगा. नवीन पाकिटं मागवते. ज्यांना जमत नसेल त्यांनी दवाखान्यात या, माती आहे माझ्याकडे."

अकरापैकी सात जणांनी नावं दिली. काकांना डॉक्टरबाईंनी भर गर्दीत दिलेली शाबासकी नको होती, पण मिळाली.

"आता तरी घे, बाई," काका शिष्येला म्हणाले.

शिष्येने सहा गाठी सोडवल्या. सातव्या मिनिटाला पुठ्ठा निघाला आणि मूळ पाकीट बाहेर आलं. तिने ते उलटवलं आणि मागच्या बाजूला छापलेलं मोठ्याने वाचलं, हळू वाचणं तिला येतच नव्हतं.

"तिकीट लावू नये. खिडकीवर देऊ नये. वरून काही गुंडाळू नये. जवळच्या पेटीत टाकावे."

काका बाहेर आले. मागोमाग काकू, त्यांच्यामागे अख्खी रांग, शेवटी वाळूची बादली धरलेले पोस्टमास्तर. पेटीच्या अरुंद तोंडातून पाकीट लोण्यातून सुरी जावी तसं आत गेलं आणि तळाशी टप् असा आवाज झाला. अकरा महिन्यांनी उत्तर रवाना झालं! लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. काकांनी, कधी नव्हे ते, जाळी नसताना मान वर केली.

"छान झालं हो," काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "नळीचं टोपण घट्ट लावलं होतंत ना?"

काकांना चारशे सात कलमं धडाधड आठवली. टोपण काही आठवेना.