आभार मानले की पूल जातो

आदल्या दिवशी समाजमाध्यमांवर ज्या घाटावरून सर्वांत जास्त कुरकुर झाली असेल, तिथे वडसांगवी नगरपरिषदेचा पूल रोज सकाळी जाऊन उभा राहायचा. नदी लांबलचक आणि पूल एकच, त्यामुळे याला कोणाचीच हरकत नव्हती. विश्लेषण कक्षातले देवस्थळी संध्याकाळी सगळ्यांच्या पोस्टी वाचत. तक्रार दिसली की पूल त्या घाटाकडे निघे. आभार दिसले की तिथली गरज भागली असं समजून दुसरीकडे जाई.

साहजिकच गावात आभार मानणं हळूहळू बंद पडलं. अपवाद फक्त कोष्टी आळीतल्या मालनबाई ढवळे यांचा. त्या गॅसवाल्याचे आभार मानत, रिक्षावाल्याचे मानत, वेळेवर पिकलेल्या पपईचेसुद्धा मानत. त्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे.

त्यांची लेक शिल्पा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दवाखाना नदीपलीकडे. आळीने एकजुटीने कुरकुरून पूल आणवला. शेजारच्या रझियाभाभींनी मालनबाईंचा मोबाइल काढून घेतला आणि त्यांच्याच तांदळाच्या डब्यात खुपसला.

"पोरगी बाळ घेऊन घरी येईपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही, मालनताई."

मालनबाईंना ते पटलं. लेकीच्या जिवाचा प्रश्न होता.

शिल्पा पुलावरून पलीकडे गेली आणि दुपारी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत हे ऐकून मालनबाईंना रडूच फुटलं. त्या आनंदात डबा कधी उघडला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. 'डॉक्टरांचे, नर्सबाईंचे, सगळ्या आळीचे आणि पुलाचे मनापासून आभार,' असं त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं.

सकाळी पूल कुंभारघाटावर गेलेला होता. नात पलीकडे, आजी अलीकडे.

मालनबाई तडक नगरपरिषदेत गेल्या.

"साहेब, माझी नात तिकडे अडकलीय हो."

"तक्रार टाका," देवस्थळी म्हणाले. "पण मनापासून हवी. तोंडदेखली आली तर बाद होते."

तिथल्याच बाकावर बसून त्यांनी लिहिलं, 'पूल गेला, फार अडचण झाली. पण होता तेव्हा माझ्या लेकीला वेळेवर पोचवलं, देव त्याचं भलं करो.'

देवस्थळींनी वाचून मान हलवली. "हे कौतुकात गेलं. पुलाला चार शब्द सुनावा की."

"नाही हो होत माझ्याच्याने. त्याने काय वाईट केलंय माझं?"

आळीनेही हातभार लावला, पण आळी जिलेब्या खाऊन बसलेली. प्रत्येकाच्या तक्रारीच्या शेवटी आजीबाईंचं अभिनंदन होतंच. तेही सगळं कौतुकात गेलं.

शेवटी शिल्पानेच मार्ग काढला. लंगोट बदलताना बाळाने भोकाड पसरलं, त्याचा व्हिडिओ तिने ग्रुपवर टाकला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. देवस्थळींच्या उभ्या नोकरीत इतकी निर्भेळ तक्रार आली नव्हती. त्यांनी खुर्चीतून उठून तिची नोंद केली.

सकाळी पूल कोष्टी आळीसमोर हजर. मालनबाई आणि रझियाभाभी पलीकडे जाऊन दोघींना घेऊन निघाल्या. मागून पाहणीसाठी देवस्थळी. पुलाच्या मध्यावर बाळ आजीच्या कुशीत गाढ झोपलं आणि झोपेत हसलं. रझियाभाभींनी फोटोसाठी मोबाइल काढला.

"अगं नको!" मालनबाईंनी बाळावर पदर ओढला. "उतरेपर्यंत ती रडतेय असंच समजा."

"योग्य आहे," देवस्थळी म्हणाले आणि पाण्याकडे पाहू लागले.

घरी पोचल्यावर मालनबाईंना कळलं, की कुंभारघाटावरच्या पारूबाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेत आणि त्यांनाही दवाखाना गाठायचाय. मग झोपलेल्या नातीचा फोटो काढून त्यांनी खाली लिहिलं, 'पुलाचे फार फार उपकार झाले.' या वेळी रझियाभाभींनी मोबाइल हिसकावला नाही. उलट स्वतःच्या मोबाइलवरून त्यांनीही आभार मानले. मग सगळ्या आळीनेच मानले. कितीतरी दिवसांचे साठलेले होते.

सकाळी पूल निघायच्या आत मालनबाई ताट घेऊन घाटावर आल्या. पुलाच्या कठड्याला हळदकुंकू लावून, खण आणि नारळ ठेवून त्यांनी त्याची ओटी भरली.

"ये हो पुन्हा," त्या म्हणाल्या.

पूल जरा घुटमळला. मग नारळ पडू न देता, सावकाश कुंभारघाटाकडे निघाला.